वाढत्या मापाची रायफल

आमच्या घरात मुलांसाठी मापाची वस्तू कधी आली नाही. शाळेचा सदरा यायचा तो दोन वर्षं पुरेल असा. कॅनव्हासचे बूट यायचे, त्यांच्या टोकात आई कापूस कोंबून द्यायची. "वाढतं अंग आहे," एवढं एक वाक्य आप्पांनी उच्चारलं की विषय संपला. त्याच न्यायानं 1964 साली, मी अकरा वर्षांचा असताना, आप्पांनी माझ्यासाठी रायफल आणली.

'माझ्यासाठी' म्हणजे परवाना अर्थात त्यांच्याच नावावर. 1959 च्या शस्त्र कायद्यात वयाची अट होतीच, पण खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या रानातल्या गावात, वडील बरोबर असताना पोराच्या हातात बंदूक का, असं विचारायला कोण येणार? घरात आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनळी होती. तिच्या परवान्याचं पुस्तक मुंबई राज्याचं आणि नूतनीकरणाचे शिक्के म्हैसूर राज्याचे. आमच्या भागातल्या बहुतेक कागदांची तेव्हा हीच कथा होती. दुनळी भातावर येणाऱ्या डुकरांसाठी. तिचा धक्का असा, की एकदा आमच्या धिप्पाड चुलत्यांचा खांदा आठवडाभर काळानिळा होता. ती मुलाला द्यायची नाही एवढा विचार आप्पांनी केला होता. म्हणून ही पॉइंट टू टूची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, जुनी विलायती रायफल. धक्का जवळजवळ नाही, आवाजही काठी मोडल्यासारखा. मुलाच्या पहिल्या रायफलीला यापेक्षा चांगली जात नाही, हे मी आजही म्हणेन. जात बरोबर होती. माप चुकलं होतं.

ते पहिल्या दिवशी ओळखलं सुभेदारकाकांनी. आमच्या शेजारचेच, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन आलेले. बेळगावला पलटणीचं केंद्र असल्यामुळे आमच्याकडे चार घरांआड एक सुभेदार नाही तर हवालदार असायचाच. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, आधी स्वतः रायफल उघडून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "बाळा, हात कोपरात काटकोनात वाकव." दस्त्याचं मागचं टोक त्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवलं. "आता बोट चापावर ने." माझं बोट चापाच्या बरंच अलीकडे, लाकडावरच राहिलं. मापाच्या बंदुकीत बोटाचं पहिलं पेर आरामात चापावर पडायला हवं.

मग दुसरी परीक्षा. "डोळे मीट. रायफल खांद्याला लाव, गाल टेकव. आता उघड डोळे. काय दिसतं?" मला नळीचा वरचा भाग दिसत होता, आणि माशी मागच्या खाचेच्या कुठंतरी वर तरंगत होती. काका म्हणाले, "डोळे उघडल्याबरोबर माशी खाचेत बसलेली दिसली पाहिजे. मान वाकडी करून शोधावी लागली, तर ती बंदूक आपली नव्हे."

तिसरी परीक्षा वजनाची. मला उभं करून त्यांनी मनात साठ आकडे मोजले. वीसपर्यंत मी सरळ होतो. चाळिसाला मी पोट पुढं काढून कमरेतून मागे झुकलो होतो, भरलेली घागर उचललेल्या बाईसारखा. नळी हळूहळू खाली येत होती.

"आप्पासाहेब," काका म्हणाले, "दस्ता साडेतेरा इंच आहे, पोराला अकरा पुरे. बडिगेराकडून दोन-अडीच इंच कापून घ्या. कापलेला तुकडा टाकू नका. पोरगं वाढलं की दोन स्क्रूंनी परत जोडता येतो."

आप्पा हसले. विलायती अक्रोडाचा दस्ता, त्याला करवत लावायची? उद्या विकायची वेळ आली तर कापलेल्या बंदुकीला गिऱ्हाईक कोण? "आणि वाढतं अंग आहे. दोन वर्षांत येईल मापाला."

काका पुढं काही बोलले नाहीत. फक्त जाताना मला म्हणाले, "ही सशाची, कवड्या-तित्तराची बंदूक. मोठ्या जनावरावर हिची गोळी टाकायची नाही. हिची गोळी मैलभर जाते, पण मोठं जनावर जागच्या जागी पाडत नाही. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. पण रायफल चालवायची ती चालवायचीच होती. दस्ता खांद्याला लागेना म्हणून मी तो काखेत धरायला शिकलो, गाल लागेना म्हणून हनुवटी लाकडावर टेकवायला शिकलो. परसातल्या बांधाला डालड्याचा डबा लावून महिनाभर सराव केला. डबा पडायचा. आप्पांना वाटलं, जमलं. मलाही वाटलं. डबा हलत नाही, श्वास घेत नाही, आणि हवा तेवढा वेळ थांबतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. कापणी उरकली होती. 1972 चा वन्यजीव कायदा अजून लांब होता. तेव्हा शिकारीचे परवाने मिळत, आणि रानात जाणं ही आमच्या घराची नित्याची गोष्ट होती. पहाटे आप्पा आणि मी सशासाठी निघालो. ओढ्याच्या काठी कारवीच्या आडोशाला बसलो. धुकं इतकं, की पलीकडची काठाची झाडं नुसती वाटत होती. बऱ्याच वेळानं कारवी हलली आणि भेकर बाहेर आलं.

भेकर मी त्याआधी ऐकलं होतं. रात्री रानात कुत्रं भुंकल्यासारखा तो आवाज. आजी त्याला अशुभ मानायची. पाहिलं पहिल्यांदाच. शेळीएवढं, तांबूस, पाय अगदी काडीसारखे. ते पाण्याकडे निघालं होतं. मी रायफल उचलली. आप्पा माझ्या डाव्या हाताला होते. ते म्हणाले, "हं."

त्या 'हं'चा अर्थ मार असा होता की थांब असा, हे मी साठ वर्षं स्वतःला विचारतो आहे. आप्पांना मी ते कधी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या 'हं'वर सगळा भार टाकणंही बरोबर नाही. काकांचे शब्द मला त्या क्षणी आठवत होते. तरीही मी नेम धरला. काखेत दस्ता, वाकडी मान, हातांना थकवा आलेला. माशी खाचेत आली, गेली, पुन्हा आली. आता परत जाईल या धास्तीनं मी चाप ओढला नाही, झटकला. नेम खांद्यामागे होता. गोळी लागली मागच्या मांडीत.

भेकर ओरडलं. त्या ओरडण्याचं वर्णन मी करणार नाही. मागचा पाय ओढत ते कारवीत शिरलं.

आप्पा मला एक शब्दही बोलले नाहीत. आम्ही रक्ताच्या मागावर गेलो. पानांवर थेंब होते, आधी हातभर अंतरावर, मग चार-पाच हातांवर. ओढ्याच्या वरच्या अंगाला खडकावर ते थांबले. दुपारपर्यंत शोधलं. घरी येऊन आप्पा न जेवता पुन्हा गेले, एकटेच. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. जखमी जनावर मागे ठेवून यायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नेम होता आणि तो त्यांच्या हातून प्रथमच मोडला होता. नव्हे, माझ्या हातून. तिसऱ्या संध्याकाळी ते परत आले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, "पाणी तापव." एवढंच.

आठवड्यानं गावचा बडिगेर घरी आला. त्यानं दस्त्यावरून हात फिरवला आणि आप्पांना म्हणाला, "ब्याडरी सावकार, चांगलं लाकूड आहे." आप्पा म्हणाले, "काप." करवतीचा आवाज मी माजघरातून ऐकत होतो. अडीच इंचांचा तुकडा निघाला. सुभेदारकाकांनी पुन्हा माझं कोपर वाकवलं. बोटाचं पेर चापावर बरोबर पडलं. डोळे मिटून उघडले. माशी खाचेत बसलेली होती. रायफल माझ्या मापाची झाली होती.

मी ती परत कधी उडवली नाही. आप्पांनीही आग्रह केला नाही. दर दिवाळीला तेल-फडकं करून ती कपाटात जायची. 1986 साली आप्पा गेले. परवाना आमच्यापैकी कुणाच्या नावे करून घ्यायचा नव्हता, म्हणून मी दोन्ही हत्यारं रीतसर जमा केली. कानडी अर्जावर सही करताना कारकुनानं विचारलं, रायफलीचा दस्ता आखूड कसा? मी म्हटलं, लहान मुलासाठी कापला होता. लाकडाचा तुकडा तेवढा माझ्याकडे राहिला. पुढे बेळगावला घर केलं तेव्हा तो एका बिस्किटांच्या डब्यात, जुन्या किल्ल्या आणि आप्पांच्या चष्म्याबरोबर आला.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याची वेळ आणली माझ्या नातीनं.

2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. कोल्हापूर जिल्हा म्हणजे आम्हा बेळगावकरांना शेजारचं अंगण. तिथल्याच तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं होतं, तेही नातीनं कुठूनसं शोधून काढलं. वय बारा. घरात तीच भाषा सुरू झाली: आजोबा, दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, ठाऊक आहे? मला ठाऊक नव्हतं. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान ठिपका! माझ्या मनात आलं, या खेळात कुणी ओरडत नाही. तिला शिकायला पाठवा, असं मीच मुलाला म्हणालो.

पंधरा दिवसांनी तिचा सराव पाहायला गेलो. मुलांना सामायिक असलेली एअर रायफल तिच्या हातात होती, मोठ्या माणसाची. ती लक्ष्याकडे एक बाजू करून उभी राहिली, रायफल उचलली, आणि माझ्या पोटात गोळा आला. कमरेतून मागे झुकलेली, दस्त्याचं टोक खांद्याच्या बाहेर, मान वाकडी. साठ वर्षांपूर्वीचा मीच तिथं उभा होतो.

तिची स्वतःची रायफल घ्यायची ठरली. साडेचार मिलिमीटरची आणि वीस जूलच्या आतली एअर रायफल 2016 च्या नियमांनुसार परवान्याविना मिळते. पावती मुलाच्या नावावर करायची होती. दुकानात त्यानं एक देखणी, लांब रायफल उचलली. किंमत ऐकून मी खाकरलो. तो म्हणाला, "बाबा, हीच घेऊ. लहान घेतली तर दोन वर्षांत बदलावी लागेल. वाढतं अंग आहे तिचं."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. आप्पा गेले तेव्हा हा चार वर्षांचा होता. हे वाक्य त्यानं ऐकलं तरी कुठं? बहुधा माझ्याच तोंडून, बूट घेताना.

"नाही," मी म्हणालो. इतक्या जोरात, की दुकानदारानं मान वर केली.

मग मी नातीला जवळ बोलावलं. "हात कोपरात काटकोनात वाकव." दुकानातल्या चार रायफली एकामागून एक तिच्या कोपरात टेकवून पाहिल्या. डोळे मिटायला लावले, उघडायला लावले. साठ आकडे मोजले. सुभेदारकाकांच्या काळी नव्हती अशी एक सोय आता झाली आहे: दस्त्याच्या टोकाशी पातळ चकत्या असतात, त्या काढल्या की दस्ता आखूड, लावल्या की लांब. गाल टेकवायची पट्टीही वर-खाली होते. करवतीची गरज नाही. दुकानदार तरुण पोरगा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. त्यानं सगळ्या चकत्या काढल्या, पट्टी खाली घेतली. तिसरी रायफल, वजनानं सगळ्यांत हलकी, तिच्या बोटाच्या पेराला बरोबर लागली.

"डोळे उघड. काय दिसतं?"

"बरोबर मध्ये आहे, आजोबा. मला शोधावं लागलं नाही."

मुलगा गप्प उभा होता. घरी येताना गाडीत त्यानं विचारलं, हे तुम्हाला कुठून येतं? तेव्हा मी सांगितलं, त्या पहाटेपासून करवतीपर्यंत सगळं. नात मागच्या सीटवर होती. ती ऐकते आहे हे मला माहीत होतं. तिनं एकच प्रश्न विचारला: "मग ते मेलं का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

दुकानदारानं काढलेल्या चकत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिल्या होत्या. जपून ठेवा, म्हणाला, उंची वाढेल तशी एकेक लावायची. घरी आल्यावर नातीनं विचारलं, ह्या कुठं ठेवू? मी तिला बिस्किटांचा डबा काढून दिला. तिनं तो उघडला, अक्रोडाचा तुकडा बाहेर काढला, बराच वेळ हातात फिरवून पाहिला, स्क्रूंसाठी बडिगेरानं पाडलेल्या आणि कधीच न वापरलेल्या दोन भोकांतून बोटाचं नख फिरवलं. मग तो परत ठेवला, शेजारी चकत्यांची पिशवी ठेवली आणि झाकण लावलं.