कोलांसचं पाणी

जुलै लागला की भोपाळच्या वर्तमानपत्रांत एक आकडा यायला लागतो. मोठ्या तलावाची पातळी. आज इतके फूट, काल इतके होते. तलाव काठोकाठ भरला म्हणजे १६६६.८० फूट, आणि हा आकडा दशांशचिन्हासकट इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असतो. पाणी तिथवर आलं की भदभदा धरणाची दारं उघडतात आणि निम्मं शहर भाजलेली कणसं खात ते बघायला जातं.

लहानपणी मला या आकड्याचं कोडं पडायचं. पिपलानीत दोन-दोन दिवस पाऊस कोसळायचा, अंगणात गुडघाभर पाणी, आणि आकडा जागचा हलायचा नाही. मग एखाद्या कोरड्या, ऊन पडलेल्या दिवशी तो एकदम अर्धा फूट वर. बाबा म्हणाले, "आपल्या पावसावर कुठं भरतो तो? सीहोरकडून कोलांस येते ना, तिकडं पडला की इकडं भरतो." मला हे थोडं अन्यायाचं वाटलं होतं. भिजायचं आम्ही आणि पाणी सीहोरचं!

आम्ही मूळचे नगरचे. बाबा साठच्या दशकात हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले, तेव्हापासून पिपलानीतलं क्वार्टर हेच घर. आईच्या दिवसाची सुरुवात अजान आणि कारखान्याचा भोंगा यांच्या मधल्या वेळात व्हायची. अजान ऋतूप्रमाणे सरकते, भोंगा सरकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तिला देवासाठी ऐसपैस वेळ मिळायचा आणि डिसेंबरात जेमतेम. तेवढ्यात एक अध्याय वाचायचा, 'उपासना संगीत'मधलं एक गीत म्हणायचं (हळू, कारण भिंत सामाईक होती), मग वहीतली नावं घेऊन प्रार्थना. पवित्र शास्त्रात एकूण ११८९ अध्याय. रोज एक म्हटलं की सव्वातीन वर्षांत एक फेरी पुरी होते. शेवटचा अध्याय झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्पत्तीपासून. कंटाळा नाही का येत, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "येतो की. भाकरी थापायचाही येतो."

'आध्यात्मिक शिस्त' हा शब्द मी पुढं पुस्तकांत वाचला. तो मला अजूनही कवायतीसारखा वाटतो. आमच्या घरी त्याला नेम म्हणत. शेजारच्या काकूंचाही नेम होता, तुळशीचा आणि संकष्टीचा. त्यामुळं दोघींना एकमेकींना काही समजावून सांगावं लागलं नाही. शुभ शुक्रवारी आई सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. दुपारी बारा ते तीनची उपासना आटपून घरी यावं, तर ओट्यावर काकूंची साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवलेली असायची. "उपासाचंच आहे हो," हे त्यांचं वाक्य ठरलेलं. आईच्या उपासात साबुदाण्याला काही अर्थ नव्हता, हे तिनं त्यांना कधी सांगितलं नाही. उपास त्या खिचडीनंच सुटायचा.

दशांशाचा डबा चहाचा होता, पत्र्याचा. पगाराच्या संध्याकाळी बाबा नोटा मोजायचे आणि दरवर्षी एकदा तरी तोच वाद निघायचा. दहावा हिस्सा काढायचा तो पीएफ कापण्याआधीच्या पगाराचा की हातात पडलेल्या? बाबांचं म्हणणं, जो पैसा मी पाहिलाच नाही त्याचा दशांश कसला? आई म्हणायची, देवानं तर पाहिला. डब्याचं झाकण घट्ट होतं, चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागायचं. मला वाटायचं, ते मुद्दाम तसं ठेवलंय.

पण सगळ्यात अवघड नेम महिन्यातून एकदा यायचा. पहिल्या रविवारी प्रभुभोजन. कुणाशी वाकडं असताना त्या मेजाशी जायचं नाही, हे आईनं फार शब्दशः धरलं होतं. आणि काकूंशी तिचं वाकडं असायचंच, कारण दोन क्वार्टरांत नळाचा दाब एकच. शनिवारी संध्याकाळी ती पदर सारखा करून शेजारी जायची, उंबऱ्यात उभी राहायची आणि म्हणायची, "माझं चुकलं असेल तर राग धरू नका." त्यातलं 'असेल तर' तिला फार वर्षं सोडवलं नाही. काकू हसायच्या. "आला वाटतं तुमचा तो रविवार!" मंगळवारी पुन्हा नळावरून सुरू.

देवळात उपासना हिंदीत चालायची. तिथं आम्ही 'मसीही', घरी आलो की 'ख्रिस्ती'. बाबांना याची गंमत वाटे. जहांगीराबादचं कॅथलिक कॅथेड्रल दाखवून ते सांगायचे की इथं इंग्रजांच्याही आधीपासून ख्रिस्ती होते. फ्रेंच वंशाचं बुर्बाँ घराणं बेगमांच्या दरबारात मोठ्या हुद्द्यांवर होतं, आणि त्यातल्या एकाचं नाव होतं शहजाद मसीह. आईला त्या शहजाद्याचं कौतुक नव्हतं. ती देवळात हिंदीत 'आमेन' म्हणायची, पण चिडली किंवा रडली की देवाशी नगरच्या मराठीतच बोलायची.

दर पावसाळ्यात ती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढायची. त्यांच्या यजमानांची, कवी टिळकांची, गीतं तिला तोंडपाठ होती, तरी जीव लक्ष्मीबाईंवर. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. एकेक सोवळं आतून सुटत गेलं तेव्हा. "बाईंना वेळ लागला," आई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची. पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. या बाईंना संस्कृत येत होतं, पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. बाप्तिस्मा म्हणजे पोचलो, असं त्यांनाही वाटलं असणार. प्रार्थनासभांत लोक एका रात्रीत बदलल्याच्या साक्षी सांगतात, तेव्हा मला ही आठ वर्षं आठवतात. त्या काळात रमाबाई रोज सकाळी काय करत असतील? वाचतच असणार.

१९८३ च्या थंडीत बाबांचे एक सहकारी आम्हाला होशंगाबादजवळ रसूलियाला घेऊन गेले. क्वेकर मंडळींचं जुनं केंद्र. इंग्लंडहून आलेल्या क्वेकरांनी एकोणिसाव्या शतकातच या नर्मदाकाठी काम सुरू केलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिथं जमीन न नांगरता शेती करायचे प्रयोग चालले होते, आणि बाबा दिवसभर त्यातच गुंतले. उपासनेला मात्र आम्ही सगळे बसलो. त्यांच्या मूळ रीतीत पाळक नसतो, गीत नसतं, वेदी नसते. गोल बसायचं आणि गप्प राहायचं. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर त्यानं बोलावं. त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही. मी तासाभरात इटारसीकडं जाणाऱ्या तीन मालगाड्या मोजल्या. परतताना आई म्हणाली, "चांगली माणसं आहेत. पण गाणंच नाही म्हणजे भाजीत मीठच नाही."

२ डिसेंबर १९८४ ला रविवार होता. आगमनकाळाचा पहिला रविवार, आणि महिन्याचाही पहिला. म्हणजे आदल्या संध्याकाळी आई उंबऱ्यावर जाऊन आली होती. त्या रात्री स्टेशनच्या उत्तरेकडच्या कारखान्यातून वायू सुटला. वारा आमच्या बाजूला वळला नाही. पहाटे माणसं आली, चालत, सायकलींवर, एकमेकांना धरून, डोळे मिटलेले. आई आणि काकू दोन्ही घरांतले स्टोव्ह पेटवून पाणी कोमट करत होत्या, धोतराचे तुकडे भिजवून डोळ्यांवर ठेवत होत्या. भोंगा झाला की नाही, मला आठवत नाही. एक बाई पायरीवर बसली आणि तिनं बाळासाठी पाणी मागितलं. आईनं वाटी-चमचा आणला, वाकली आणि तशीच थांबली. बाळाला पाणी नको होतं. बाई पुन्हा पुन्हा पाणी मागत राहिली.

मी बारा वर्षांची होते. मला वाटलं होतं, आता आई जास्त प्रार्थना करील. देवळात सगळे तेच म्हणत होते. अजान झाली की ती उठायची, दिवा लावायची, पुस्तक मांडीवर घ्यायची, खूण होती तिथं बोट घालायची. आणि उघडायची नाही. गीत नाही, वही नाही. भोंगा होईपर्यंत बसून राहायची, मग पुस्तक जागेवर ठेवून कणीक मळायला घ्यायची. असं किती दिवस? नाताळ झाला, शुभ शुक्रवार झाला. काकूंची खिचडी आली. डब्यात पैसे पडत होते, तेही आता पीएफच्या आधीचे, कारण बाबांनी वाद घालणं सोडलं होतं. अंथरुणातून मी तिच्याकडं बघायची आणि मला रसूलियाचा तो तास आठवायचा. मालगाड्या तेवढ्या नव्हत्या.

मी एकदा धीर करून विचारलं, "वाचत नाहीस तर उठतेस कशाला?"

"उठायचं तर माझ्या हातात आहे," ती म्हणाली.

पुढं कॉलेजात असताना मी नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांबद्दल वाचलं आणि ती जास्त कळली. गोऱ्हे आमच्यासारखेच मुलखाबाहेरचे मराठी. १८२५ साली झाशीजवळ जन्म, काशीत वाढले, मिशनऱ्यांशी वाद घालता घालता १८४८ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या लेखनानं पुढं रमाबाईंची खात्री पटली. आणि ज्यांच्या लेखनानं दुसऱ्याची खात्री पटली, त्या माणसाच्या मनात स्वतःच्या शंका जन्मभर ठाण मांडून होत्या. इंग्लंडच्या एका मठात ते उमेदवार म्हणून राहिले, पण शेवटची व्रतं त्यांनी घेतली नाहीत. मठवाशाची राहणी मात्र अखेरपर्यंत ठेवली. शंका असताना नेम पाळणं म्हणजे ढोंग, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही. बुद्धी आपल्या जागी भांडत असते, गुडघे आपल्या जागी टेकतात. दोघांनी एकमेकांची वाट पाहायला काय हरकत आहे?

२००९ च्या उन्हाळ्यात मोठा तलाव इतका आटला की तळाला भेगा पडल्या. शहरातली माणसं घमेली-फावडी घेऊन गाळ काढायला उतरली. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तेही गेले. आई ताकाची बरणी घेऊन काठावर सावलीला बसली. कमला पार्कचा मातीचा बांध राजा भोजाच्या काळचा, अकराव्या शतकातला. त्यावर झाडं वाढलीत, बाग आहे, रस्ता आहे, लोकांना तो बांध आहे हेही ठाऊक नसतं. मी म्हटलं, "हजार वर्षं उभा आहे, आणि आत बघा, टिपूस नाही."

बाबा घाम पुसत म्हणाले, "बांधानं काय पाऊस पडतो का? आलेलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून असतो तो." मग ताकाचा पेला रिकामा करून म्हणाले, "आणि गाळ काढायचा तर तलाव आटलेलाच बरा. भरलेल्या तलावात कोण उतरतंय?" ते तलावाबद्दलच बोलत होते. आईनं त्यांचा पेला पुन्हा भरला.

तिचं पुस्तक पुन्हा उघडलं ते १९८५ च्या ऑगस्टमध्ये. त्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं. पाऊस लागून राहिला होता, तलावाचा आकडा अजून खालीच होता. अजान झाली, दिवा लागला, आणि मला पान उलटल्याचा आवाज आला. मी उठून बसले. बाबा मोरीत दाढी करत होते, ते तसेच साबण लावलेल्या गालांनी दारात आले.

आई वाचायला लागली. लेवीय, चौदावा अध्याय. घराच्या भिंतीवर चट्टा पडला तर काय करावं याचे नियम. याजकाला बोलवायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं, चट्ट्याचे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंतीचा गिलावा खरवडून काढायचा. आठ महिन्यांनंतर देवाशी बोलायला सुरुवात करायची, तर ही!

बाबांनी न राहवून म्हटलं, "अगं, स्तोत्र तरी काढ एखादं. इतक्या दिवसांनी हे काय वाचतेस?"

"खूण इथं आहे," आई म्हणाली.

तिनं एकदा मान वर करून खिडकीवरची भिंत पाहिली. पावसानं तिथं ओल उतरली होती आणि पोपडे सुटले होते. मग ती पुन्हा वाचायला लागली, सावकाश, एकही नियम न गाळता. भोंगा झाला तेव्हा काही ओळी उरल्या होत्या. बाबा चपला घालून दारात उभे राहिले.