खेळण्याची डिग्री

आमच्या घराण्यात मुलं कुणी शिकून वाढवली नाहीत. ती आपोआप वाढली, त्याचा पुरावा मी. त्यामुळे कन्येने 'मी विद्यापीठात बालविकास घेणार' असं जाहीर केलं, तेव्हा मी खोटी नोट हाती आल्यासारखा चेहरा केला.

"पोरं सांभाळायला विद्यापीठ कशाला? आजी आहे की घरात!"

आजीने नुसता चष्मा पुसला.

मी पडलो बी.कॉम. "पुढे मिळतं काय?" म्हणून विचारलं. तिने पाढाच म्हटला: बालवाडीत शिक्षिका, शिक्षिकांची शिक्षिका, बोलायला उशीर लागणाऱ्या मुलांची केंद्रं, इस्पितळं, मुलांची पुस्तकं, अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. अंगणवाडीला मी हसलो आणि फसलो. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबाडला मुलं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात भरली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली १९७५ साली, तीही ३३ ठिकाणी. (आमचं काउंटर अजून कुणाच्या अंगणात गेलेलं नाही. लंच टाइममध्ये तर ते जागेवरही नसतं.)

"आणि पगार?"

इथे ती जरा थांबली. "अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, बाबा. मानधन असतं."

मुलांची वजनं घ्या, खाऊ द्या, लसीची आठवण करा, गाणी म्हणा, नोंदी ठेवा, आणि वर मानधन! धन बेताचं असलं की सरकार त्याला पुढून मान जोडतं. पेन्शनवाल्या बापाच्या पोटात गोळा आला.

अशात एका शनिवारी ती माझा विसरलेला डबा घेऊन बँकेत आली. काउंटरपुढे तीनेक वर्षांचा पोरगा टाहो फोडत होता. आईला सही करता येईना. मी आधी दटावलं, मग पेन दाखवलं. त्याने ते फेकलं. कन्या सरळ फरशीवर बसली. त्याच्या शेजारून, त्याच्या उंचीवरून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, बंदूक!"

दारातल्या वॉचमनच्या बंदुकीची नळी नेमकी पोराच्या नाकासमोर होती. वीस वर्षं मी काउंटरवर रडणारी मुलं पाहतोय. सगळी हट्टी असतात, असा माझा हिशोब होता.

वॉचमन बाजूला सरकला. पोराच्या हाती शिक्का आला. सही झाली, पैसे मिळाले, तरी पोरगा हलेना.

संध्याकाळी साहेबांनी जांभळ्या शिक्क्यांनी भरलेल्या अकरा विथड्रॉवल स्लिपा पुढे टाकल्या. "हे काय?"

"प्रॅक्टिकल," मी म्हणालो, आणि सोमवारी फी भरायला अर्धी रजा मागितली.