गळकी गाडी आणि खानदेशी धाबे

जळगावहून धुळ्यास निघालो तो एरंडोलपाशी पावसाने गाठले. वडिलांच्या मागे राहिलेली जुनी गाडी. तिचे सनरूफ आईच्या डोक्यावर ठिबकू लागले. ‘‘विकून टाक ही,’’ आई म्हणाली खरी, पण मांडीवर डबा धरून बसली. काचेभोवती मी आदल्याच दिवशी सिलिकॉन थापले होते!

पारोळ्याचा मिस्त्री हसला. ‘‘भाऊ, रबर चांगलं शे!’’ मग समोरच्या धाब्याकडे बोट दाखवून म्हणाला, पन्हळ तुंबली तर वर खारी माती कितीही घाला, घर गळणारच. रबर सगळे पाणी अडवीतच नाही. आत शिरलेले कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली उतरते. त्या कडुनिंबाच्या पाल्याने बुजल्या होत्या. त्याने नायलॉनची दोरी हलकेच फिरवली (तारेने नळी फाटते) आणि पेलाभर पाणी ओतले.

ते चाकापाशी ठिबकले, तेव्हा आईने डबा रिता केला.