पोरक्या मशीनला घर देताना

तुमच्या घरात एखादं बंद पडलेलं मनगटी घड्याळ नक्की असेल. कपाटाच्या लॉकरमध्ये, देव्हाऱ्याखालच्या खणात, नाहीतर आजीच्या जुन्या पर्समध्ये. ते टाकवतही नाही आणि दुरुस्तीला न्यायचंही राहून जातं. अशा घड्याळांच्या पोटात जे असतं, त्याला घड्याळजी ‘मशीन’ म्हणतात. गेले आठ महिने मी बेंगळुरूमध्ये असंच एक जुनं मशीन शोधत होते. त्या शोधात जे कळलं, ते तुमच्याही कामाला येईल म्हणून सांगते.

मी मूळची बेळगावची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इथे कंटेंट रायटिंग करते. माझ्या आजोबांनी चाळीस वर्षं बेळगावात घड्याळं दुरुस्त केली. लोकांची हजारो घड्याळं त्यांनी चालू करून दिली, पण सुटे भाग जुळवून स्वतःच्या हातानं एक अख्खं क्रोनोग्राफ घड्याळ बनवायचं मात्र राहून गेलं. आता ते ७९ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर छान आहे, पण उजव्या हाताला हल्ली थोडा कंप जाणवतो. यंदा ते मला म्हणाले, “करायचं तर आता करू, बाळ. पुढच्या वर्षीची खात्री हा हात देत नाही.”

केस, डायल, काच, पट्टा हे सगळं नवीन मिळतं. मशीन शोधायचं काम माझ्याकडे आलं.

आधी क्रोनोग्राफ म्हणजे काय ते सांगते. वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. चावीच्या वर-खाली दोन बटणं असतात. एक दाबलं की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं दाबलं की टुणकन शून्यावर येतो. तो शून्यावर कसा येतो माहीत आहे? आत बदामाच्या आकाराचा एक चिमुकला तुकडा असतो. बटण दाबलं की त्याच्यावर एक हातोडी आपटते. बदाम कुठल्याही बाजूला वळलेला असो, हातोडी त्याला ढकलत नेमक्या एकाच जागी आणते आणि त्याच्यासोबत काटाही शून्यावर येतो. साध्या मशीनच्या पाठीवर हा दुसरा संसार बसवलेला असतो, म्हणून ते मिळणंही अवघड आणि दुरुस्त करणंही.

बेंगळुरू तर घड्याळांचंच शहर. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं १९६१ मध्ये इथे घड्याळाचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट ही नावं तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा, चेहरे खुलतील. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तरी ती मशीनं अजून इथल्या घड्याळजींच्या खणांत सहज सापडतात. जालहळ्ळीला एचएमटीचं म्युझियमही आहे, मुलांना घेऊन जरूर जा. पण ही मशीनं साधी, वेळ दाखवणारी. क्रोनोग्राफसाठी मला देशाबाहेरच्या मशीनकडेच वळावं लागलं.

पर्याय बरेच होते. स्वित्झर्लंडचं व्हालजू ७७५० हे १९७० च्या दशकातलं मशीन आजही बनतं, पण त्याची जाडी जवळजवळ ८ मिलिमीटर. आजोबांना पातळ घड्याळ हवं होतं. चीनचं सीगल एसटी१९ नवंकोरं मिळतं. त्याची कुळकथाही मजेशीर आहे. व्हीनस या स्विस कंपनीच्या १७५ नंबरच्या मशीनची अवजारं चीननं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विकत घेतली आणि त्यातून हे मशीन आलं. आजोबांनी ते नाकारलं नाही. फक्त म्हणाले, “नवं मशीन कुणीही बसवेल. मला जुनं चालू करायचंय.”

शेवटी ठरलं लँडेरॉन ४८. स्वित्झर्लंडमधल्या लँडेरॉन गावात १९३७ पासून १९७० पर्यंत हे मशीन बनत होतं. व्यास सुमारे ३१ मिलिमीटर, घड्याळजींच्या जुन्या मापात पावणेचौदा लिन. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच टिकटिक. याची एक गंमत म्हणजे वरचं बटण फक्त सुरू करतं. थांबवायचं आणि शून्यावर आणायचं काम खालचंच बटण दोनदा दाबून होतं.

मग शोध सुरू झाला. चिकपेटजवळ रविवारचा बाजार भरतो तिथे गेले, जुन्या पेठेतल्या घड्याळजींच्या टपऱ्या पालथ्या घातल्या, ऑनलाइन विक्रेत्यांना मेसेज केले. चौथ्या महिन्यात एका विक्रेत्यानं फोटो पाठवला. पूर्ण, चालू क्रोनोग्राफ. आत लँडेरॉन ४८. केसवर ओरखडे होते आणि मागे कुणाचं तरी नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. तो म्हणाला, “केस फेकून द्या मॅडम, मशीन काढून घ्या. सुट्या मशीनपेक्षा स्वस्त पडेल.”

खरंच स्वस्त पडत होतं. आणि वेळ आमच्याकडे कमी होता. मी आजोबांना फोटो पाठवला. त्यांचा फोन लगेच आला. “चालू आहे ना ते? मग ते घड्याळ आहे, सुटे भाग नव्हेत. एक घड्याळ बनवायला दुसरं मोडायचं असेल, तर आपण काय बनवलं?”

मला थोडा राग आला, खरं सांगते. हात त्यांचाच थरथरत होता. पण त्यांचं म्हणणं खोडता येईना.

मग पोरकी मशीनं येतात तरी कुठून? याचं उत्तर सोन्यात आहे. त्या काळी स्विस क्रोनोग्राफ पातळ सोन्याच्या केसमध्येही भरपूर विकले जात. १९८० च्या सुमारास सोन्याचा भाव भडकला, तेव्हा अशा कितीतरी केस वितळल्या. सोनं गेलं, मशीन उरलं. ही मशीनं वर्षानुवर्षं डब्यांत पडून राहिली. कुणाचं घड्याळ न मोडता आणता येतील अशी मशीनं हीच.

तुम्हाला कधी असं मशीन घ्यायचं झालं, तर आजोबांनी मला लिहून दिलेली यादी घ्या:

• मशीनचा नंबर बघा. तो बहुधा बॅलन्स व्हीलच्या खाली कोरलेला असतो. त्याचा स्पष्ट फोटो मागा.
• नावापेक्षा पूर्णपणा महत्त्वाचा. एक बारीक स्प्रिंग किंवा स्क्रू नसेल, तर तो शोधण्यात वर्ष जातं.
• चालू, बंद, शून्य या तिन्हींचा व्हिडिओ मागा. काटा दर वेळी बरोबर शून्यावरच थांबला पाहिजे.
• गंज दिसला तर सोडून द्या. वाळलेलं तेल साफ होतं, गंजानं खाल्लेलं पोलाद परत येत नाही.
• डायल त्याच मशीनसाठीची घ्या. लँडेरॉन ४८ ची छोटी वर्तुळं ३ आणि ९ वर असतात, ७७५० ची १२, ६ आणि ९ वर. एकाची डायल दुसऱ्याला बसत नाही.
• लहान मुलं असलेल्या घरांसाठी खास: १९६० च्या दशकापर्यंत काटे आणि डायल चमकवायला रेडियम वापरायचे. चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं. असा रंग खरवडू नका, मुलांना हाताळू देऊ नका.

आमचं मशीन सातव्या महिन्यात मिळालं, आणि तेही बाजारात नाही. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर एक वयस्कर घड्याळजी दुकान बंद करून मुलाकडे राहायला चालले होते. मी बेळगावच्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं. त्यांनी टेबलाखालून गोळ्यांची एक प्लास्टिकची डबी काढली. आत केस नसलेलं लँडेरॉन ४८, सोबत कागदाच्या पुडीत चार स्प्रिंगा. पैसे घेतले, पण आधी आजोबांशी फोनवर पाऊण तास बोलले. एकाला कन्नड नीट येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. तरी दोघांचं छान जमलं.

स्वित्झर्लंडमधल्या झेनिथ कंपनीत १९७५ मध्ये वरून हुकूम आला की आता क्वार्ट्झचा जमाना, जुन्या मशीनची अवजारं मोडीत काढा. शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिरानं ती गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर लपवली आणि सगळं वहीत लिहून ठेवलं. पुढे त्यांच्याच जोरावर एल प्रिमेरो हे मशीन पुन्हा बनू लागलं. मला वाटतं, गोळ्यांच्या डबीतल्या त्या चार स्प्रिंगांचंही तसंच आहे. कुणीतरी टाकल्या नाहीत, म्हणून आम्हाला मिळाल्या.

सध्या मशीन बेळगावात आहे. साफसफाई झाली, वेळ बरोबर दाखवतंय. क्रोनोग्राफचा भाग बसवायचाय. आजोबा सकाळी आठ ते दहा काम करतात, कारण तेव्हा हात सगळ्यात स्थिर असतो. मी शनिवार-रविवारी गेले की चिमट्यानं स्क्रू मी धरते आणि ते सांगतात, “दाबू नको, बसू दे.” दोन स्क्रू आता मीच बसवलेत.

घरातलं ते बंद घड्याळ भंगारात द्यायच्या आधी एकदा जवळच्या म्हाताऱ्या घड्याळजीला दाखवा. दुरुस्त होत असेल तर करून घ्या. नसेलच होत, तर मशीन त्यांच्याच खणात राहू द्या. कुणीतरी ते शोधत असेल.