रमाबाईंची आठ वर्षं

'शांती' हा शब्द आमच्या घरात फार स्वस्त होता. ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. उपासना संपली की पाळकसाहेब शांतीचा आशीर्वाद देतात, नाताळच्या कार्डावर शांती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर शांती आणि कबरीवरच्या फरशीवर पण शांती. इतक्या वेळा ऐकल्यावर शब्द गुळगुळीत होतो, जुन्या आठ आण्याच्या नाण्यासारखा. त्यात आता मोबाईलवर शांती देणारी ॲप्स आली आहेत. दहा मिनिटं डोळे मिटा, पावसाचा आवाज ऐका आणि आठव्या दिवशी पैसे भरा. मी पण वापरून बघितलंय. वाईट नाही, झोप येते. पण झोप येणं आणि शांती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं मत आहे, आणि आज त्यावरच लिहायचंय.

आधीच सांगून ठेवतो, हे प्रवचन नाही. मी इंजिनियर माणूस, पाळक नाही. कुणी धर्म बदलावा असं सांगायचाही हेतू नाही. मला पडलेला प्रश्न एवढाच आहे की वाईट दिवसांत टिकते अशी शांती खरंच असते का? आणि असेल तर ती चालते कशी? आमच्या धंद्यात एखादी गोष्ट डेमोत चालली म्हणून कुणी खूश होत नाही. लोड आल्यावर चालते का, ते बघतात.

माझ्यावर लोड आला तो एप्रिल २०२१ मध्ये. करोनाची दुसरी लाट. तेव्हा शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते आणि बाराव्या दिवशी गेले. दफनाला आम्ही मोजून सहा माणसं. पाळकसाहेब मास्क लावून लांबून प्रार्थना करत होते आणि निम्मे शब्द वाऱ्यावर जात होते. मग फोन सुरू झाले. "विश्वास ठेव बेटा, प्रभू शांती देईल." फोन करणारे सगळे मायेने बोलत होते. पण रात्री दोन वाजता मला शांती वगैरे काही सापडत नव्हती. घरातला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये बंद पडून होता, तरी त्याची टिकटिक मला ऐकू यायची. मनात एक विचार सारखा यायचा, की आपला विश्वास कमी पडतोय का? ज्यांच्याकडे खरा विश्वास असतो त्यांना लगेच शांती मिळत असणार.

ह्या 'लगेच'चं उत्तर मला पंडिता रमाबाईंकडे मिळालं.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई चार ओळींत संपतात. शारदा सदन, विधवांसाठी कार्य, केडगाव, बस्स. खरी गोष्ट खूप मोठी आहे. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं. मग दुष्काळ आला. वडील गेले, मागोमाग आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. उरलेला भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. वय तेव्हा चोवीससुद्धा पूर्ण नाही. म्हणजे मी माझ्या पहिल्या अप्रेझलची काळजी करत होतो त्या वयात!

पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथे थांबतात. दुःख होतं, ख्रिस्त मिळाला, शांती मिळाली, आमेन. पण रमाबाईंनी १९०७ मध्ये स्वतःची साक्ष इंग्रजीत लिहिली आहे आणि तिच्यात त्या भलतंच सांगतात. त्यांचं म्हणणं असं की बाप्तिस्म्यानंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याचा तो धर्म, तो ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटलं होतं, मनाची तहान तशीच होती. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. ह्या हॅसलमला पाद्री असूनही खरा विश्वास नव्हता आणि तो त्याला स्वतःच्याच प्रवचनात, व्यासपीठावर उभा असताना मिळाला. ते वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या आणि शोध पुन्हा सुरू झाला. मनाला खरा विसावा मिळाला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी.

आठ वर्षं! आणि ह्या आठ वर्षांत त्या काही गप्प बसलेल्या नव्हत्या. अमेरिकेत भाषणं दिली, १८८७ मध्ये इंग्रजीत हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. आत शांती नसताना माणूस एवढं काम करू शकतो आणि आत शांती नाही हे स्वच्छपणे लिहूही शकतो. 'विश्वास कमी पडतोय का' हा माझा प्रश्न तिथे पहिल्यांदा जरा सैल झाला. रमाबाईंसारखीला आठ वर्षं लागली, तर मला आठ महिन्यांत का मिळावी?

आता दुसरा मुद्दा. मिळाल्यावर काय झालं? संकटं संपली का? मुळीच नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात प्रचंड वादळ उठलं. 'केसरी'ने झोडपलं, पालकांनी मुली काढून नेल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतः उपासमार सोसलेली ही बाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात गेली आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसं ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. एवढ्यांचा रोजचा स्वयंपाक, पाणी, कपडे, आजारपणं. त्यातच ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होती, आणि छपाई मुक्तीतल्याच मुली-बायका करत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, चाळीस वर्षांची, सगळं काम जिच्या हाती सोपवायचं ती. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, आणि संपूर्ण बायबल त्यांच्या मागे १९२४ मध्ये बाहेर आलं.

ही शांती मला समजते. हिच्यात दुःख वजा झालेलं नाही. दुःख आहे तिथेच आहे आणि त्याच्या शेजारी बसून काम चाललंय.

पण ह्या शांतीची किंमत कधी कधी दुसऱ्याला मोजावी लागते, हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर चित्र एकतर्फी होईल. नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. गिरिप्रवचनावर ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. टिळकांना हवं ते मिळालं. आणि लक्ष्मीबाईंना? त्यांचा संसार एका तारखेला मोडला. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, वेड लागायची वेळ आली. पुढे अहमदनगरला एकत्र आल्यावरही सोवळं-ओवळं सांभाळत होत्या. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे की हे सगळं त्या कसं हसत हसत सांगतात, आणि वाचणाऱ्याच्या घशात मात्र आवंढा येतो. एका रात्री पडल्या पडल्या विचार करताना त्यांच्या मनातून जातिभेद गळून पडला. देवाने माणसं केली, जाती माणसांनी. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे एकाच घरात दोघांना दोन वेगळ्या वाटांनी, दोन वेगळ्या वेळी. टिळकांनी घाई केली असेल, पण शेवटी बाईंच्या वाटची वाट बाईच चालल्या. आणि टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेत न गेलेल्या बाईने!

आपल्या मराठवाड्याचंही एक नाव ह्या यादीत आहे, जे फारसं कुणी घेत नाही. जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्याच सुमारास त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिलं आणि त्याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही यावरून केवढं तरी रण माजलं. अशा फाटलेल्या घरातून आलेला हा माणूस जालन्याला आला आणि गावाजवळ त्याने 'बेथेल' नावाची वस्ती वसवली. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिली. ज्यांना गावात थारा नव्हता त्यांना शेत, घर, शाळा. १८७३ मध्ये हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलून आले आणि परत जालन्याला येऊन कामाला लागले. संभाजीनगरहून जालना तासा-दीड तासाच्या अंतरावर. आम्ही तिथे मोसंबी घ्यायला थांबतो. असो.

ह्या सगळ्यांकडे बघून एक गोष्ट लक्षात येते. ह्यांच्यापैकी कुणालाच शांती 'परिस्थिती सुधारल्यावर' मिळाली नाही. आणि मुळात शुभवर्तमानातही ती तशी मिळत नाही. येशू शिष्यांना शांती देऊ करतो ती कधी? पकडले जाण्याच्या आदल्या घटकेला, योहानाच्या चौदाव्या अध्यायात. वादळात सगळे ओरडत असताना तो होडीत उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. मार्काने ती उशी आवर्जून लिहून ठेवलीय, मला तो तपशील फार आवडतो. पौल बुद्धीपलीकडच्या शांतीबद्दल लिहितो ते फिलिप्पैकरांस पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे. आणि तिथे क्रम बघण्यासारखा आहे. आधी मागणं देवाला कळवायचं, तेही आभारासकट. उत्तर काय येईल त्याची हमी नाही. शांती मात्र तेवढ्यातच पहाऱ्याला उभी राहते. म्हणजे शांती हा निकाल नाही, पहारेकरी आहे. पहारेकरी असतो याचा अर्थ बाहेर चोर आहेत!

बाबांचा नवा करार आता माझ्याकडे आहे. काळं रेक्झिनचं कव्हर, कोपरे झिजलेले. त्याच फिलिप्पैकरांसच्या चौथ्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीने एक तारीख आहे, ऑगस्ट १९९९ ची. दुसरं काही नाही. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कंपनी बंद पडली ना तेव्हा. तू दोन वर्षांचा होतास. सात महिने एका किराणा दुकानाचे हिशेब लिहीत होते."

"झोपायचे का गं रात्री?"

"कुठलं झोपतात. उठून बसायचे. पण कुणावर ओरडले नाहीत बघ. आणि रविवारचं गाणं चुकवलं नाही."

मला आजवर जेवढी प्रवचनं ऐकायला मिळाली, त्यांत हे सगळ्यात छोटं. झोपायचे नाहीत, पण ओरडले नाहीत. बाबांच्या शांतीचा आकार एवढाच होता, आणि तो आमच्या घराला पुरला. मी सव्वीस वर्षं त्या सात महिन्यांबद्दल काहीच ऐकलं नव्हतं, म्हणजे पहारा किती चोख असेल!

गेली तीन-एक वर्षं मी पण त्या पेन्सिलीच्या वाटेने जातोय. सकाळी स्टँडअपच्या आधी पंधरा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत, एक अध्याय आणि मग जे असेल ते देवाला सांगायचं. काही भव्य होत नाही. कित्येक दिवस मन सरळ जिराकडे पळतं. पण दोन बदल सांगता येतील. एक, ऑक्सिमीटरचा आवाज अजून कधी कधी येतो, पण आता मी उठून लाईट लावत नाही. दोन, गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या चौघांना एकाच दिवशी काढलं. त्यातल्या एकाला त्या संध्याकाळी मी फोन केला, तेव्हा "विश्वास ठेव" वगैरे काही बोललो नाही. त्याच्या घरी गेलो. आम्ही क्रांती चौकात जाऊन चहा प्यायलो आणि त्याचा रेझ्युमे नीट केला. तो माणूस ख्रिस्ती नाही आणि आमच्यात देवाचा विषयही निघाला नाही. पण निघताना त्याला घाई नव्हती, आणि मला पण नव्हती.

आठ वर्षांचा हिशेब धरला तर मी साधारण निम्म्या वाटेवर असेन. उद्यापासून माझा ऑन-कॉलचा आठवडा आहे. रात्री-अपरात्री फोन वाजणारच, त्याबद्दल प्रार्थना करूनही काही उपयोग नाही, हे अनुभवाने सांगतो :) मंगळवारी आईचं डोळ्यांचं ऑपरेशन आहे. समासात पेन्सिलीने तारीख लिहून ठेवलीय, बाबांच्या तारखेच्या खाली.