ब्रश टांगायचा कुठे?

किकवीत घर बांधणारी मंडळी टाइल्ससाठी शिरवळ-पुण्याच्या खेपा करतात, भांडं आणि नळ पारखून घेतात. संडासाचा ब्रश मात्र वास्तुशांतीच्या गडबडीत, दुकानात जो समोर दिसेल तो येतो. घरगुती स्वच्छतागृहांची आखणी हे माझं काम. लोक राहायला आल्यावर मी ती पुन्हा पाहते. बहुतेक घरांत ब्रश कोपऱ्यातल्या उभ्या डब्यात बुडालेला असतो आणि डब्याच्या तळाशी काळपट पाणी साचलेलं असतं.

म्हणून माझ्या मते आधी डबा निवडावा, मग ब्रश. जमिनीवर ठेवायचा डबा कोरड्या फरशीच्या स्नानघरासाठी असतो. आपल्याकडे न्हाणी आणि संडास एकाच खोलीत, अंघोळ बादली-तांब्याने, म्हणजे फरशी दिवसभर ओली. साबणाचं पाणी थेट डब्यात उडतं आणि तिथेच राहतं. डबा भिंतीवर, फरशीपासून निदान वीतभर वर हवा. तळाला भोक हवं, ब्रश दांड्यावर लटकावा आणि केस कशालाच टेकू नयेत. तोटीखाली किंवा जेट स्प्रेच्या माऱ्यात तो नको. खिडकीकडची भिंत उत्तम. घासून झाल्यावर ब्रश स्वच्छ पाण्यात खळबळून, भांड्यातच झटकून, पाणी निथळलं की मगच टांगावा.

ब्रशचा आकार भांड्यावर ठरतो. शोषखड्ड्याच्या संडासात बसवतात त्या ग्रामीण भांड्याचा उतार 25 ते 28 अंश असतो आणि ट्रॅपमध्ये पाणी जेमतेम 20 मिलिमीटर, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. अशा भांड्याच्या अरुंद गळ्यात मोठा गोल ब्रश अडतो आणि शिंतोडे अंगावर येतात. तिथे चपट्या, किंचित वाकलेल्या डोक्याचा ब्रश घ्यावा. कमोडला मात्र गोलच बरा, पण कडेच्या खाली पोचणारा जास्तीचा झुपका असलेला. बार्कर आणि ब्लूमफील्ड या संशोधकांनी 2000 साली दाखवलं, की घरात साल्मोनेलाची लागण होऊन गेल्यावरही कमोडच्या कडेखालच्या बुळबुळीत थरात ते जिवाणू चार आठवड्यांपर्यंत टिकू शकतात. तो थर नुसतं औषध ओतून निघत नाही, घासावाच लागतो.

केस नायलॉनचे, प्लॅस्टिकच्या डोक्यात घट्ट बसवलेले घ्यावेत. पिळलेल्या तारेचा ब्रश गंजतो, आणि तारेचं टोक भांड्याच्या चकाकीवर ओरखडे काढतं. त्या ओरखड्यांत मळ धरतो. काथ्या ओला राहतो. सिलिकॉनचा ब्रश लवकर सुकतो, पण चिकटलेलं काढायला कमी पडतो.

आपल्या बोअरच्या पाण्याचा पिवळट थर तर कुठलाच ब्रश एकटा काढत नाही. बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. थर दिसला की लोक ॲसिडची बाटली काढतात. ॲसिड टाइल्समधलं सिमेंट खातं, शोषखड्ड्यात मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही घातक ठरतं. ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. त्यापेक्षा रात्री लिंबूसत्त्वाचं पाणी ओतून ठेवावं, सकाळी घासावं. जुना थर असेल तर चार-पाच रात्री लागतील, लागू देत.

राहिला प्रश्न ब्रश कुणाच्या हातात, हा. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून अन्न कमी केलं, आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. मैला साफ करणं हे एका जातीचं काम नाही, हे ठसवण्यासाठी एवढी किंमत मोजली गेली. आणि आज घराघरांत ते काम गुपचूप सुनेच्या वाट्याला आलेलं मला दिसतं, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून डब्याची जागा ठरवताना मी घरातल्या सगळ्यांना बोलावते, दाजींना आणि शाळकरी मुलांनासुद्धा. भांड्यावरून उठल्या उठल्या ज्याचा त्याचा हात ब्रशपर्यंत पोचला पाहिजे. दाराआड, फिनेलच्या बाटल्यांमागे ठेवलेला ब्रश घरातली एकच व्यक्ती शोधते. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी दांडा लांब घ्यावा, म्हणजे त्यांना वाकावं लागत नाही. केस बाहेर फाकले की दुरुस्तीच्या फंदात न पडता नवा आणावा, आणि तो आणायला सुनेला पाठवू नये.