कोजागिरीचें छायाचित्र

आश्विन पौर्णिमेस आमच्या घरीं दोन गोष्टी कधीं चुकत नाहींत. एक आटीव दूध आणि दुसरी ज्येष्ठ अपत्याची ओवाळणी. सदाशिव पेठेंतील आमच्या जुन्या घराच्या परसांत, पारिजातकाजवळ पाट मांडून थोरल्या मुलास त्याची आई दर वर्षीं ओवाळीत असे. तो अमेरिकेंत गेल्यापासून पाटाच्या जागीं भ्रमणध्वनि आला. त्याच्या पडद्यावर थोरला दिसतो, आणि तें यंत्र हातांत धरून धाकटा उभा राहतो. गेल्या कोजागिरीस मला अशी हौस वाटली कीं, आपल्या परसांतून दिसणारा हा चंद्र, भोंवतालच्या तारकांसह, छायाचित्रांत धरून थोरल्यास पाठवावा. त्यानेंच मागें ठेवलेला कॅमेरा कपाटांत होता.

मी पडलों संस्कृतचा मास्तर. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेंत गेलों आणि पुढें पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दांचीं व धातूंचीं रूपें घोकून घेतलीं. चंद्राशीं माझा परिचय अमरकोशापुरता. यंत्राची माहिती शून्य. पहिल्या चित्रांत ताटासारखा एक पांढरा डाग तेवढा उमटला. त्यांत ना ससा, ना हरीण. दुसऱ्या-तिसऱ्या चित्रांतहि तेंच. शेवटीं धाकटा पुढें झाला.

धाकट्याविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तो दहावीस एकदां नापास झाला. पुढें विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचें दुकान काढून त्यानें आपला संसार उभा केला, आणि आज या घराचा सर्व भार त्याच्याच खांद्यावर आहे. शाळेंत तो माझ्याच वर्गांत होता. एका गुणी पुत्रास चंद्राची उपमा देऊन ताऱ्यांच्या समुदायास कमी लेखणारें एक सुभाषित पुष्कळ वाचकांस पाठ असेल. तें फळ्यावर लिहून विवरण करीत असतां मीं उदाहरणादाखल थोरल्याचें नांव घेतलें. तिसऱ्या बांकावर धाकटा मान खालीं घालून तें वहींत उतरून घेत होता. मला तेव्हां त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं.

“अण्णा, रात्र आहे म्हणून तुम्ही प्रकाश फार घेतां,” तो म्हणाला. “पण चंद्रावर आतां भर दुपार आहे. उन्हांतल्या दगडाचें चित्र काढावें, तसें काढा.” त्यानें लांब पल्ल्याचें भिंग लावलें, त्याचें छिद्र लहान केलें, आणि पडदा सेकंदाच्या सव्वाशेव्या हिश्शापुरताच उघडला. चित्र असें रेखीव आलें कीं, मी थक्क झालों. ज्यांस आपण ससा म्हणतों ते डाग म्हणजे लाव्हारस वाहून थिजल्यानें झालेलीं मैदानें आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुनीं आहेत. दुसरी गोष्ट तर अधिकच नवलाची. चंद्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा सुमारें १२ भागच परत पाठवितो. कवींनीं कीर्तीच्या शुभ्रतेस ज्याची उपमा दिली, तो वस्तुतः जुन्या डांबरी रस्त्यासारखा काळसर आहे!

परंतु त्या चित्रांत चंद्राभोंवतीं नुसता काळोख होता. एकहि तारा नाहीं.

“कृत्तिका कोठें गेल्या?” मीं विचारलें.

“त्या तेथेंच आहेत, अण्णा. चंद्राला पुरतो तेवढा वेळ त्यांना पुरत नाहीं. त्यांच्यासाठीं जास्त वेळ दिला, तर चंद्राचा पुन्हां पांढरा डाग होतो. चंद्र नसेल त्या रात्रीं पाहूं.”

वसुबारसेच्या रात्रीं तो योग आला. चंद्र पहाटे उगवणार होता. तिपाईवर कॅमेरा बसवून धाकट्यानें पडदा आठ सेकंद उघडा ठेवला. पृथ्वी ताशीं १५ अंश फिरते, त्यामुळें फार वेळ ठेवल्यास ताऱ्यांच्या रेषा होतात, हेंहि त्यानेंच सांगितलें. शहराच्या दिव्यांनीं आकाश तांबूस झालें होतें, आणि माझ्या डोळ्यांस कृत्तिकांचा एक पुसट पुंजका तेवढा दिसत होता. चित्रांत मात्र त्या सहाहि निरनिराळ्या दिसल्या, आणि त्यांच्या आसपास, ज्यांचीं नांवेंहि मला ठाऊक नाहींत, असे किती तरी तारे.

तें पाहतांना मला कावसजी नायगमवाला यांची आठवण झाली. याच पुण्यांत, सायन्स कॉलेजांत, भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या नांवाची वेधशाळा होती. ती १९१२ सालीं बंद झाली. नायगमवाला तिचे प्रमुख. १८९८ च्या जानेवारींत सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें जाऊन त्यांनीं खग्रास सूर्यग्रहणाचीं छायाचित्रें घेतलीं. सूर्याभोंवतालचें प्रभामंडल नेहमींच तेथें असतें. पण तें साध्या डोळ्यांस दिसावयाचें, तर सूर्य क्षणभर झांकला जावा लागतो. इतका प्रवास करून माणसें गेलीं, तीं जें रोजचेंच आहे तें पाहावयास!

मीं मात्र पस्तीस वर्षें एकाच मापानें पाहिलें. पहिल्या बांकावरील मुलांस जेवढा वेळ पुरे, तेवढाच सर्वांस दिला, आणि ज्यांचें कांहीं उमटलें नाहीं त्यांच्याजवळ कांहीं नाहींच असें समजलों.

हें मीं घरांत बोलून दाखविलें, तेव्हां ती म्हणाली, “ओवाळणी थोरल्याची, ती रीतच आहे. पण कोजागिरीला दुधावरची साय मी कोणाच्या वाटींत घालतें, तें तुम्ही कधीं पाहिलेंत का?”

मीं पाहिलें नव्हतें.

दोन्हीं छायाचित्रें थोरल्यास पाठविलीं आहेत. फळ्यावरच्या त्या दिवसाविषयीं धाकट्याशीं एकदां बोलावें असें पुष्कळ दिवस मनांत आहे. पण या वयांतहि बापाची जीभ रेटत नाहीं. हा अंक घरीं येईल, तेव्हां तो वाचीलच.